न अडखळता वाचलेलं पत्र

आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच होते. बाबांना पूर्वी उत्तम वाचता यायचं, पण पलटणीतून घरी बसल्यावर दोन-तीन वर्षांतच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांना माणसं सावल्यांसारखी दिसू लागली. मुसादादाला वाचता-लिहिता यायचं, पण तो आपल्या पलटणीबरोबर. लयावहिनी कल्याणची, तिच्या माहेरी मुलींना पाटी द्यायची पद्धत नव्हती. आई तर मी पाच वर्षांची असतानाच गेली. मला मिशनच्या बायांनी शिकवलं, आणि चौदाव्या वर्षीही बाबांनी माझं लग्न लांबवलं होतं. नातेवाईक त्यावरून बोलत. बाबा म्हणत, "हिला दिली तर मला शास्त्र कोण वाचून दाखवणार?"

आम्ही बेने इस्राएल. ठाण्यातली माणसं आम्हांला शनवार तेली म्हणायची, कारण आमचे वाडवडील तेल गाळायचे आणि शनवारी घाणा बंद ठेवायचे. आमचा स्वतःचा घाणा आजोबांबरोबर गेला, पण शेजारी मामांचा होता आणि त्याची करकर आठवड्याचे सहा दिवस सकाळपासून आमच्या घरात ऐकू यायची. शुक्रवारी दुपारी ती थांबली की घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटायचं. मग वहिनी तांदळाच्या भाकऱ्यांची चवड करून झाकून ठेवायची. कोळीण सकाळीच खवल्यांचे मासे देऊन गेलेली असायची. खवलं नसलेलं आम्हांला चालत नाही, हे तिला ठाऊक. टोपलीत कोळंबी असली तर ती दारातूनच ओरडायची, "आज तुमच्या कामाचं काय नाय गो!" माशाचं कालवण नारळाच्या रसातलं, वर कोथिंबीर. आज डोंबिवलीत नातसून तेच कालवण करते, चांगलंही करते, पण त्याला शुक्रवारचा वास येत नाही. आता घाणाच नाही, तर तो थांबणार कुठून?

शनवारी मशिदीतून आल्यावर (आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही तेव्हा मशीदच म्हणत असू) बाबा ओट्यावर बसायचे आणि मी वाचायचे. त्यांना लढायांचे अध्याय आवडत. वाचता वाचता मला थांबवून ते समजावून सांगत, जणू काही ते स्वतः त्या मैदानात होते. एली नावाच्या म्हाताऱ्या याजकाची गोष्ट त्यांनी माझ्याकडून किती वेळा वाचून घेतली असेल! इस्राएलांची पलिष्ट्यांशी लढाई चाललेली. एलीचे दोन मुलगे देवाच्या कराराचा कोश, म्हणजे आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, घेऊन लढाईवर गेलेले. एलीचे डोळे गेलेले. तो रस्त्याकडेला आसनावर बसून वाट बघतोय. तेवढ्यात रणातून एक माणूस धावत येतो. कपडे फाटलेले, डोक्यात माती घातलेली. म्हातारा विचारतो, काय झालं रे बाळा? तो सांगतो की आपली माणसं पळाली, पुष्कळ मेली, तुमचे दोन्ही मुलगे मेले आणि देवाचा कोश शत्रूने नेला. म्हातारा आसनावरून मागे कोसळतो आणि त्याची मान मोडते. त्याची सून दिवस भरत आलेली. ती बातमी ऐकते, तिला कळा येतात आणि मूल जन्माला घालून तीही मरते.

बाबांचं लक्ष असायचं ते त्या धावत आलेल्या माणसावर. "त्याचं नावसुद्धा लिहिलेलं नाही बघ," ते म्हणायचे. "पण एवढ्या लांब धावत आला आणि एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. शिपाई असावा तर असा." मला मात्र ती सून आठवायची. बाबा आणि शास्त्र दोघंही तिच्याबद्दल थोडक्यात आटपायचे, याचा मला राग यायचा.

काबूलकडे लढाई पेटली आणि दादाच्या पलटणीला हुकूम आला. पलटण पुण्याहून आगगाडीने मुंबईला जाणार आणि तिथून आगबोटीने पुढे. दादाने कळवलं की गाडी कल्याणला थोडा वेळ थांबेल. आम्ही सकाळच्या गाडीने कल्याणला गेलो. बाबा, वहिनी, मी आणि चिवड्याचा एक डबा. फलाटावर शिपायांच्या बायका, आया, पोरं, सगळा गलका. दादा खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. बाबांनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, डोळे, नाक, मिशी, सगळं चाचपलं आणि आशीर्वाद दिला. वहिनी मागे पदर ओढून उभी. सतरा वर्षांची होती. चारचौघांत, सासऱ्यांसमोर, ती नवऱ्याशी काय बोलणार? तिने माझ्या कानात सांगितलं आणि मी दादाला म्हणाले, "वहिनी म्हणते, तिला हल्ली चिंच खावीशी वाटते."

दादा आधी नुसता बघत राहिला. मग त्याला कळलं. तो इतका मोठ्याने हसला की डब्यातले बाकीचे शिपाई "काय रे, काय झालं?" म्हणून डोकावले. "तिला सांग, चिंचेचं झाडच घेऊन येतो!" तो ओरडला. गाडी सुटली. परतताना कळव्याच्या खाडीवरून गाडी जाताना वहिनी तोंडावर पदर घेऊन बसली होती. मला वाटलं रडते आहे. पदर सरकला तेव्हा पाहिलं, तर हसत होती.

दादाची पत्रं यायची ती मोडीत. त्याचं अक्षर भयंकर. मी बालबोध झरझर वाचायचे, पण त्याच्या मोडीपुढे माझं काही चालायचं नाही. एकेका शब्दाशी थांबत, मागे येत, पुन्हा सुरुवात करत मी वाचायचे. "इथं... इथं द्राक्षं, नाही, दगड... इथं नुसते दगड आहेत." वहिनी कासावीस व्हायची. "अगं रिबी, दगड की द्राक्षं ते एकदा ठरव ना!" बाबा हसायचे. मग ती उत्तर सांगायची आणि मी लिहायचे. ती फार काही सांगायची नाही. आज अमकं केलं, मामांच्या बैलाच्या पायाला लागलं, पोट दिसू लागलं. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायची, पण पत्रात मात्र "यांना लिही" म्हणताना तिचा आवाज बदलायचा.

श्रावणात आमच्या बिरड्याच्या सणाचा उपास झाला, वालाचं बिरडं करून आम्ही तो सोडला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बाजारात बातमी आली की तिकडे आपल्या फौजेचा मोठा पराभव झाला. कुणी म्हणे निम्मी पलटण कापली गेली, कुणी म्हणे सगळीच. त्या दिवसापासून बाबा सकाळी अंघोळ झाली की ओट्यावर जाऊन बसायचे. टपालवाला आमच्या आळीत येऊन जाईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. रस्त्याकडे तोंड करून, काठीवर दोन्ही हात ठेवून, मान किंचित वर. मी दारातून त्यांच्याकडे बघायचे आणि लगेच नजर फिरवायचे, कारण असा बसलेला म्हातारा मी शंभर वेळा मोठ्याने वाचला होता. आणि आत चुलीपाशी सहा महिन्यांची गरोदर सून होती.

पत्र आलं तेव्हा मी ओट्याच्या पायऱ्या पुसत होते. टपालवाल्याने ते माझ्या हातात दिलं आणि तो पुढे गेला. वरचं अक्षर दादाचं नव्हतं. स्वच्छ, गोल बालबोध. "कुणाचं?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज ऐकून वहिनी पिठाच्या हातांनी धावत दारात आली. मी पत्र उघडलं. पहिल्या दोन ओळींतच सगळं होतं. दादाच्याच पलटणीतला शलोम, पेणकडचा, दादाचा सोबती. त्याने लिहिलं होतं की कळवायला हात धजत नाही, पण मुसा लढाईत पडला.

किती वेळ गेला मला ठाऊक नाही. फार गेला नसावा, कारण वहिनी "वाच ना" असं एकदाच म्हणाली. मी वर पाहिलं. बाबांचा चेहरा माझ्याकडे. वहिनीचा एक पिठाचा हात पोटावर. आणि मी वाचू लागले. डोळे खऱ्या ओळींवरून फिरत होते आणि तोंडातून दुसरंच येत होतं. "तीर्थरूप बाबांच्या चरणी मुसाचा साष्टांग नमस्कार. मी सुखरूप आहे. उजव्या हाताला थोडी जखम झाली आहे, म्हणून हे पत्र माझा सोबती शलोम याच्या हातून लिहवीत आहे. काळजी करू नये. लयेने जड उचलू नये." एवढं वाचेपर्यंत माझ्या डोळ्यांनी त्या कागदाचा शेवट गाठला होता. तिथे लिहिलं होतं: माघार घेताना पाणी कुठेच नव्हतं. मी त्याच्याजवळ होतो. त्याने पाणी मागितलं, माझ्याकडे नव्हतं. मग तो 'लयेला सांग' असं म्हणाला, आणि पुढे बोलला नाही.

वहिनी मटकन उंबऱ्यावर बसली आणि हसू-रडू लागली. पिठाचे हात तिने तोंडाला लावले, सगळं तोंड पांढरं झालं. बाबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "बरं झालं. देवाची कृपा." त्या दिवशी वहिनीने नारळाच्या दुधातली तांदळाची खीर केली. बाबांनी दोन चमचे खाल्ली, "गोड आहे हो" म्हणाले आणि वाटी बाजूला ठेवली. मला वाटलं, मी दोन जीव वाचवले. दुसऱ्या दिवशी पाणी तापवायच्या चुलीत मी ते पत्र घातलं. मशिदीतल्या कुणाच्या हाती लागलं तर, एवढीच भीती होती.

पत्र आलं त्याच दिवसापासून बाबा खाटेवर झोपेनासे झाले. म्हणाले, पाठ दुखते, जमिनीवर बरं वाटतं. आठ दिवस ते कुठे गेले नाहीत, जमिनीवरच बसून असायचे. धुण्यात त्यांचा सदरा आला, तो छातीशी फाटलेला. मी शिवला. चार दिवसांनी पाहते तर शिवणीवरच पुन्हा फाटलेला. मी पुन्हा शिवला, जरा जाड दोऱ्याने, आणि त्यांना म्हणालेही, "बाबा, सदरा जपून काढत जा ना." ते म्हणाले, "हो गं बाय." आमच्यात मेलेल्या माणसासाठी अंगावरचा कपडा फाडतात, सात दिवस जमिनीवर बसतात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ज्याने खोटं बोललेलं असतं त्याला वाटतं की खरं फक्त आपल्यालाच ठाऊक आहे.

खोट्याला पुढे खोटंच लागतं. वहिनीने उत्तर सांगितलं, मी लिहून घेतलं आणि टपालात टाकते म्हणून तलावावर जाऊन पाण्यात सोडून दिलं. मग दादाचं उत्तर यायला हवं, म्हणून एकदा मीच एक कोरा कागद घडी घालून आणला आणि त्यावरून पत्र वाचलं. वहिनीने विचारलं होतं, मूल झालं तर नाव काय ठेवू. मी वाचलं, "मुलगा झाला तर शमुवेल ठेव." वहिनीने ते नाव दिवसभर तोंडात घोळवलं. पोटावर हात ठेवून हाका मारायची. दार फाळणीचा सण आला, आमचा माफीचा दिवस. पांढरे कपडे घालून दारं लावून सगळे उपास करतात आणि वर्षभराच्या पापांची क्षमा मागतात. मीही उपास केला. पण जे उद्या पुन्हा करायचंच आहे त्याची क्षमा कशी मागायची, हे मला कुणाला विचारता येईना.

वहिनीला मुलगा झाला. सुखरूप झाली, बाळही धट्टंकट्टं. आठव्या दिवशी मशिदीत सुंता करून नाव ठेवायचं होतं. सातव्या दिवशी सकाळी बाबांनी मला ओट्यावर बोलावलं आणि म्हणाले, "एलीचा अध्याय वाच." मी वाचू लागले. तो माणूस धावत येतो तिथपर्यंत आले आणि माझ्याने पुढे वाचवेना. पुढचं बाबांनीच म्हटलं, पाठ होतं त्यांना. मग म्हणाले, "पोरं मेल्याचं सांगितलं तेव्हा एली पडला नाही, रिबी. बसून होता. देवाचा कोश गेला म्हटल्यावर पडला. मीही बसलो असतो गं. पोरी, मीही बसलो असतो."

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मुसाचं पत्र तू कधी न अडखळता वाचलंस? मग म्हटलं, हे अक्षर दुसऱ्याचं. पण शब्द मुसाचे असते तर त्यात त्याची एखादी थट्टा असती. त्यात एकही नव्हती." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मला वाटलं, पोरीला ओझं झेपत नाही, तर आपणही उचलू. आणि लयेची भीती मलाही होतीच. तिच्यासाठी मीही गप्प बसलो. म्हणून यातलं अर्धं माझं. पण उद्या मशिदीत देवासमोर पोराच्या बापाचं नाव घ्यायचं. तिथं नाही चालायचं."

मग मला सदरा आठवला. दोनदा शिवलेला. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले आणि ते माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले. दादा गेल्याला तीन महिने होऊन गेले होते, आणि आम्ही दोघं बापलेक त्याच्यासाठी त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र रडलो.

वहिनीला बाबांनीच सांगितलं. खोलीच्या दाराशी उभे राहून, चौकटीला धरून. "लया, बाळा, मुसा गेला. लढाईतच गेला." वहिनीने मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडली नाही. तिने हळूहळू विचारलं, आणि मी एकेकाचं उत्तर दिलं.

"मग ते पत्र? जखमेचं?"

"माझं."

"आणि मी खीर केली होती, त्या दिवशी..."

"तेव्हा ठाऊक होतं मला."

"आणि नाव?"

"तेही मीच."

तिने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने मी हिरव्या बांगड्या घालून हसत फिरले. लोकांना खीर वाटली. त्यांच्यासाठी रडायचं होतं तेव्हा तुम्ही मला हसायला लावलंत." मग म्हणाली, "खरं पत्र आणा."

ते जाळलं, हे मी सांगितलं. पण त्यातलं सगळं मला तोंडपाठ होतं. मी तिला शब्द न् शब्द सांगितला. पराभव, माघार, पाणी नसणं, आणि शेवटी 'लयेला सांग'. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"पुढे?"

"पुढे काही नाही, वहिनी. एवढंच म्हणाला."

ती किंचित हसली. तसलं हसणं मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही आणि बघायची इच्छाही नाही. "पुढचं सुचलं नाही का, वन्सं?" ती म्हणाली. त्याआधी ती मला रिबी म्हणायची. मी शपथ घेतली, शास्त्रावर हात ठेवला. तिने मान फिरवली. शलोमला पत्र लिहून विचारावं म्हणून मी पलटणीच्या पत्त्यावर लिहिलं. कित्येक आठवड्यांनी दुसऱ्याच कुणाचं उत्तर आलं की तोही तिकडेच छावणीत तापाने गेला. जगात ते शब्द ऐकलेला माणूस राहिला नाही, आणि वाचलेली फक्त मी.

वहिनीला सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला मशिदीत न्यायला निघालो तेव्हा वहिनीने बाबांना आतून सांगितलं, "नाव मुसा ठेवा." तिच्या हातांत बांगड्या नव्हत्या. प्रार्थना चालवणाऱ्या हजानांनी बाळाचं नाव विचारलं. बाबा म्हणाले, "मुसा." बापाचं नाव? बाबा म्हणाले, "मुसा." हजानांनी मान वर करून बाबांकडे पाहिलं. बाप हयात असताना आमच्यात त्याचं नाव मुलाला देत नाहीत. सगळ्या मशिदीला कळून चुकलं. वर बायकांच्या सज्ज्यात मी बसले होते, तिथे कुणीतरी मोठ्याने हुंदका दिला. हजानांनी मग तसंच म्हटलं, मुसाचा पुत्र मुसा, आणि बाळ रडू लागलं.

बाबा पुढे चार वर्षं होते. वहिनी माझ्याशी वाईट वागली नाही, कधीच नाही. माझ्या लग्नात हळद तिनेच दळली. पण माझ्याकडून तिने पुन्हा एक ओळही वाचून घेतली नाही. मिशनच्या बाईंकडे जाऊन, लोक हसत असताना, मांडीवर मूल घेऊन ती पाटीवर अक्षरं गिरवायला बसली आणि वर्षभरात वाचायला शिकली. बाबांना शनवारी शास्त्र मग तीच वाचून दाखवायची. मी ठाण्यातच दिलेली, येऊन-जाऊन असायचे. ती वाचत असली की मी दारातच थांबायचे आणि वाचून झाल्यावर आत जायचे.

छोटा मुसा फौजेत गेला नाही. तिने जाऊ दिलं नाही. तो रेल्वेत लागला आणि नोकरीवर भुसावळला गेला. त्याचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी योगायोगाने तिथे होते. वहिनी ते घेऊन ओट्यावर बसली आणि मनातल्या मनात वाचलं, दोनदा. मी डाळ निवडत होते, मान वर केली नाही. थोड्या वेळाने ती उठली, माझ्याजवळ आली आणि पत्र माझ्या पुढ्यात धरलं.

"मोठ्याने वाचा," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."

त्यात काही विशेष नव्हतं. ऊन फार आहे, खानावळीतली आमटी पाणचट आहे, दोन सदरे पाठव. मी जसं लिहिलं होतं तसं वाचलं. ती माझ्याशेजारी सुपाजवळ बसून ऐकत होती, आणि वाचून संपल्यावरही उठली नाही.